माथेरानच्या लाल वाटांवर एक दिवस कसा घालवावा

दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरले की पहिला प्रश्न कानावर पडतो तो ‘साहेब, किती पॉइंट करायचे?’ हा. बारा, अठरा, अडतीस अशा आकड्यांत माथेरान मोजून दिले जाते, आणि मुंबई-पुण्याहून एका दिवसासाठी आलेला माणूस तो आकडा पुरा करण्याच्या नादात दुपारपर्यंत दमून बाजारपेठेतल्या एखाद्या हॉटेलात बसून राहतो. या प्रश्नाला ‘एकच बाजू, पण पायी’ असे उत्तर द्यावे, असे माझे मत आहे. पॉइंट म्हणजे रान संपून कडा सुरू होतो ती जागा. तिथून जे दिसते ते दहा-पंधरा मिनिटांत पाहून होते आणि बाकीचा सगळा दिवस दोन पॉइंटांमधल्या वाटेवर जातो. ती वाट कशी चालावी, तिच्यावर कोणाला जागा द्यावी, घोडा कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये, एवढे ठाऊक असले तर दिवस सार्थकी लागतो.

माथेरान रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. डोंगराचा माथा दक्षिणोत्तर लांबट असून त्याच्या बहुतेक सर्व बाजूंना तुटलेले कडे आहेत. माथ्यावर मात्र जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा अशा झाडांचे दाट रान आहे. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी नावाची फोड गावात कोणीही सांगतो. जांभा दगडाच्या लाल मातीतून गेलेले इथले रस्ते बहुतेक ठिकाणी सावलीत आहेत आणि दस्तुरीच्या पुढे मोटारगाडी नेण्यास मनाई असल्यामुळे (रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर) त्यांच्यावर कर्णकर्कश हॉर्न नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे या जुन्या रिवाजाला कायद्याचेही बळ मिळाले.

कधी जावे आणि कसे पोहोचावे

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सर्वांत सुखाचा. दिवाळीच्या आसपास गवत अजून हिरवे असते, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि समोरचे किल्ले जवळ आल्यासारखे दिसतात. जानेवारीनंतर दुपारी धुरकटपणा वाढू लागतो. मार्च ते मे या काळात झाडांची सावली ऊन सोसण्याजोगे करते, पण रस्त्यावरची धूळ घोट्यापर्यंत उडते. त्याची भरपाई म्हणून मे महिन्यात करवंदे आणि जांभळे मिळतात. पावसाळ्यातले माथेरान ज्यांना आवडते त्यांना अतिशय आवडते, मात्र पॉइंटवरून काही दिसेल ही अपेक्षा सोडूनच जावे, कारण ढग कड्यावर येऊन बसतो आणि जांभ्यावर शेवाळ धरते. ऋतू कोणताही असो, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा. सुट्टीच्या दिवशी नेरळच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि चालण्याचा वेळ रांगेत संपतो.

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावे. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने नेरळ गाठणे सोयीचे. नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीपर्यंत जाणाऱ्या सामायिक टॅक्सी मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे नेरळ-माथेरान ही छोटी गाडी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशाने उभारलेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. साधारण २१ किलोमीटरच्या प्रवासाला ती दोन तासांहून अधिक वेळ घेते, म्हणून एका दिवसासाठी येणाऱ्याने चढताना तिच्यासाठी अडून बसू नये. पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते आणि अमन लॉज (दस्तुरीजवळचे स्थानक) ते माथेरान एवढ्याच टप्प्यावर फेऱ्या चालतात.

दस्तुरीच्या प्रवेशनाक्यावर नगर परिषदेचा प्रवासी कर भरून पावती जपून ठेवावी आणि तेथून बाजारपेठेपर्यंत पायीच जावे. हा टप्पा अडीच-तीन किलोमीटरचा असून चढ अगदी हलका आहे. लहान मुले बरोबर असली तरी तास पुरतो. सामान जड असेल तर ते हमालाकडे द्यावे, पण स्वतः वाहनात बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पायाला लाल मातीची आणि कानाला शांततेची सवय याच टप्प्यावर होते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि वयोवृद्धांनी अर्थातच अमन लॉजवरून शटल गाडी किंवा ई-रिक्षा घ्यावी.

बरोबर काय न्यावे याची यादी मोठी नाही. तळव्याला खाचा असलेले बूट, माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, छोटी विजेरी आणि सुटे पैसे. मोठ्या पॉइंटवर लिंबू सरबताच्या, मक्याच्या कणसांच्या टपऱ्या असतात, पण आडदिवशी त्या उघड्या असतीलच याचा भरवसा नसतो. मोबाईलला कड्यांजवळ सर्वत्र रेंज मिळत नाही. म्हणून पैसे केवळ फोनमध्ये ठेवू नयेत आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा. पांढरे कपडे घालू नयेत.

वाट सर्वांची असते

मोटारी नाहीत म्हणून रस्ता आपल्या एकट्याचा आहे, असा समज नव्याने आलेल्याचा होतो. प्रत्यक्षात याच रस्त्यावरून घोडे जातात, गॅसच्या टाक्या आणि वाळूच्या गोणी लादलेली जनावरे जातात, डोक्यावर चार-चार बॅगा घेतलेले हमाल जातात, शाळेची मुले जातात आणि डोंगरउतारावरच्या आदिवासी वाड्यांतून कामासाठी चढून आलेली माणसे जातात. हातरिक्षा हे इथले जुने वाहन. एक जण पुढून ओढतो आणि दोघे मागून ढकलतात. डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश दिला. ई-रिक्षा आवाज न करता मागून येते, हे पायी चालणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मोटारीच्या आवाजाने सावध होण्याची शहरी सवय इथे उपयोगाची नाही.

सहा-सात जणांच्या घोळक्याने रस्ताभर पसरून चालू नये. डाव्या कडेने, दोघा-दोघांच्या ओळीने चालावे. समोरून घोडा आला तर थांबावे आणि अरुंद वाटेवर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला कधीही नाही. घोडा बिचकला आणि त्याचा धक्का लागला, तर कड्याकडे उभा असलेला माणूस सापडतो. घोड्याजवळ झटकन छत्री उघडू नये, पिशवी फडफडवू नये आणि पोरांना ओरडत त्याच्या अंगावर धावू देऊ नये. घोड्याला मागून ओलांडायचे असेल तर आधी घोडेवाल्याला आवाज द्यावा, तो जनावर बाजूला घेईपर्यंत थांबावे आणि मागच्या पायांपासून चांगले अंतर ठेवून पुढे जावे.

ओझे घेतलेल्या माणसाला वाट देण्याचा नियम कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही, तरी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डोक्यावर तीस-चाळीस किलो घेतलेल्या हमालाला थांबणे आणि पुन्हा चालू लागणे फार जड जाते. उतारावर हातरिक्षा येत असेल तर ती थांबवण्याचे साधन म्हणजे ओढणाऱ्याच्या टाचा एवढेच असते. फोटो काढण्यासाठी तिच्या पुढ्यात उभे राहणे हा निव्वळ अविचार होय.

अमन लॉजपासून बाजाराकडे अनेक जण रुळांच्या कडेने चालतात, कारण तिथे सावली आणि सपाटी दोन्ही असतात. तसे चालायचेच असेल तर कानात काही घालू नये, वळणाच्या आधी मागे-पुढे पाहावे आणि इंजिनाची शिटी ऐकू येताच रुळांपासून दूर होऊन गाडी पूर्ण जाऊ द्यावी. गाडी हळू चालते म्हणून ती थांबेल असे नाही. आणि खिशातल्या स्पीकरवर गाणी वाजवत चालणाऱ्यांविषयी एवढेच म्हणतो की माथेरानला येण्याचा त्यांचा खर्च वाया गेला आहे.

घोडा घ्यायचा असेल तर

घोडा हा इथल्या शेकडो कुटुंबांचा पोटापाण्याचा आधार आहे, त्यामुळे त्याला सरसकट नकार देण्याची गरज नाही. फक्त तो डोळसपणे घ्यावा. दरपत्रकाचा फलक आधी वाचावा. दर पॉइंटवर ठरतो की वेळेवर, वाटेत थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का आणि परतीचे अंतर त्यात धरले आहे का, हे तीनही प्रश्न पाय रिकिबीत घालण्यापूर्वी विचारून घ्यावेत, कारण वाद होतात ते नेहमी उतरल्यावर. घोडेवाल्याकडे परवाना क्रमांक असतो, तो पाहावा. घोड्याच्या पाठीवर किंवा खोगिराच्या कडेला जखम दिसली, तो लंगडत असेल किंवा फार हडकुळा असेल, तर शांतपणे दुसरा मागावा. आपले वजन बरेच असेल तर तेही स्पष्ट सांगावे. घोडेवाला त्याला झेपणारे जनावर देतो.

बसताना खोगिराचा तंग आवळलेला आहे याची खात्री घोडेवाल्याकडून करून घ्यावी. रिकिबीत पूर्ण पाऊल सरकवू नये, चवड्यापर्यंतच ठेवावे. तोल गेला तर पाय अडकून फरफट होण्याचा धोका त्यामुळे टळतो. चढावर अंग थोडे पुढे झुकवावे, उतारावर मागे रेलावे आणि दोन्ही वेळी लगाम ताणून धरू नये. घोडा चालवण्याची सवय नसलेल्याने लगाम घोडेवाल्याच्या हातीच राहू द्यावा आणि ‘जरा पळवतो’ म्हटल्यास नको म्हणावे. पायी चालणाऱ्यांनी भरलेला रस्ता ही घोडा पळवण्याची जागा नव्हे, आणि दगडी फरशीवर नालांची पकड सुटते. लहान मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण असावेच. गावात ते मिळाले नाही तर घरचे सायकलीचे चालते.

माझा स्वतःचा बेत असा असतो की लांबच्या पॉइंटवर जाताना घोडा घ्यायचा आणि तिथे त्याचा हिशेब चुकता करून परत पायी यायचे. जाताना उंचीवरून रान दिसते, येताना ते जवळून दिसते, आणि कोणी ‘चला, उशीर होतो’ म्हणत पाठीशी उभे नसते.

कोणती बाजू निवडावी

सकाळी लवकर पोहोचणाऱ्याने दक्षिणेची बाजू घ्यावी. बाजारपेठेतून अलेक्झांडर पॉइंट, तिथून रामबाग पॉइंट, लिटल चौक, चौक पॉइंट आणि वन ट्री हिल अशी ही फेरी असून रमतगमत चालले तर चार-पाच तास लागतात. अलेक्झांडर आणि रामबाग पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून तिथे कोवळ्या उन्हात पोहोचणे चांगले. पुढे दक्षिण टोकाला चौक गावाची दिशा दिसते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालच्या मे महिन्यात चौकहूनच हा डोंगर चढून आला आणि त्यानंतर इथे बंगले उठू लागले; अर्थात डोंगरातल्या वाड्यांना ही वाट त्याच्या आधीपासून ठाऊक होती आणि आजही ती माणसे ज्या सहजतेने चढतात ती पाहून आपल्या बुटांची लाज वाटते. वन ट्री हिलच्या अलीकडून मोरबे धरणाचे पाणी आणि इर्शाळगडाचा सुळका दिसतो. मुख्य माथ्यापासून खिंडीने तुटलेल्या त्या टेकाडावर उतरून जाण्याचा मोह होतो, पण वाट घसरडी आहे. ही टेकडी अलीकडूनच पाहावी. तिथून दरीत उतरणाऱ्या घळीला शिवाजी लॅडर म्हणतात. गावातला माहीतगार बरोबर असल्याशिवाय तिच्यात शिरू नये.

दुपारनंतर वेळ असेल तर पश्चिमेची बाजू. पिसरनाथाचे देऊळ आणि त्याला लागून असलेला शार्लोट तलाव येथून सुरुवात करावी. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. त्यात पाय धुणे, पोहणे, निर्माल्य टाकणे यांतले काहीही करू नये. तलाव वरून शांत दिसतो, पण त्यात बुडून माणसे गेली आहेत. तिथून लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट असे करत लुईझा पॉइंटला यावे. एकोवर प्रत्येक जण ओरडतो, म्हणून प्रतिध्वनी ऐकायचा तर गर्दी ओसरेपर्यंत दम धरावा लागतो. लुईझावर मात्र सावकाश बसावे. समोर दरीपलीकडे प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका उभा राहतो, आणि पावसाळ्यात अलीकडच्या कड्यावरून पाणी कोसळते. सूर्यास्तासाठी लोक पॉर्क्युपाइन पॉइंटवर गर्दी करतात. मावळतीचे आकाश लुईझावरूनही दिसते आणि परतीची वाट कमी गजबजलेली असते, एवढे सांगून निवड वाचकावर सोडतो.

उत्तरेचा पॅनोरमा पॉइंट सर्वांत लांब आहे आणि तो मुक्काम करणाऱ्यांसाठीच ठेवावा. सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी, विजेरी घेऊन, शक्यतो तिघा-चौघांनी मिळून निघावे. उजाडताना पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, खाली नेरळ आणि उल्हास नदीचे खोरे, जवळच पेबचा किल्ला असे एकेक उलगडत जाते. वर जो घोड्याचा बेत सांगितला तो या वाटेला सर्वांत जास्त लागू पडतो.

कडा, माकडे आणि शेकरू

कड्याजवळचा जांभा पोकळ असतो. वरून घट्ट दिसणारी कड खालून पावसाने पोखरलेली असते, म्हणून कठडा असेल तिथे त्याच्या अलीकडे राहावे आणि नसेल तिथे कडेपासून किमान दोन माणसांच्या उंचीइतके अंतर सोडावे. छायाचित्रासाठी पाठ दरीकडे करून मागे सरकणे हे माथेरानमधले सर्वांत घातक पाऊल आहे. धुके दाटले तर वाट सोडून एक पाऊलही टाकू नये. ढग सरकेपर्यंत जागीच थांबावे.

माकडांचा उपद्रव विनोदाचा विषय वाटतो तोवरच, जोवर ती आपल्यापाशी येत नाहीत. एकदा एको पॉइंटवर मी चिक्कीचे पुडके हातात उघडे धरून दरी पाहत होतो. कागदाची चुरचुर ऐकून वरच्या फांदीवरून एक नर इतक्या सहजपणे उतरला की पुडके गेल्यावरच मला कळले. खाणे बंद चेनच्या पिशवीत ठेवावे, प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये, आणि माकडाने काही धरलेच तर ओढाओढ न करता सोडून द्यावे, कारण चावा चिक्कीपेक्षा महाग पडतो. त्यांना मुद्दाम खायला घालणारे लोक पुढच्या प्रवाशाची पिशवी ओढण्याचे शिक्षणच देत असतात. रिकाम्या बाटल्या आणि वेष्टने आपली आपण खाली घेऊन जावीत.

शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, पाहायची असेल तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान दक्षिणेच्या किंवा तलावाच्या वाटेवर सावकाश चालावे. ते जमिनीवर क्वचितच येते. वर पानांच्या छतात खडखड असा आवाज आला की थांबावे, बोलणे बंद करावे आणि तांबूस झुपकेदार शेपटी लोंबते आहे का ते पाहावे. फांद्यांच्या बेचक्यात पानाकाड्यांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचे घरटे असण्याचा संभव आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी खोडापासून भरतात. पावसात भल्या पहाटे कोणी माणूस शीळ घालतो आहे असे वाटले तर तो शीळकरी कस्तूर पक्षी समजावा.

परतताना

बाजारपेठेत चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला घेण्याची प्रथा आहे. ती पाळावी, पण खरेदी शेवटी ठेवावी म्हणजे ओझे वागवावे लागत नाही. माथेरान ही हुतात्मा भाई कोतवाल यांची जन्मभूमी आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात ते धारातीर्थी पडले. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेतून जाताना हे आठवणारे फार थोडे असतात.

परतीची वेळ सकाळी पोहोचतानाच ठरवावी. शेवटची शटल गाडी केव्हा सुटते ते स्थानकावर पाहून लिहून घ्यावे आणि सूर्यास्त पाहायचा असल्यास दस्तुरीला पोहोचेपर्यंत अंधार होईल हे गृहीत धरावे. रात्री नेरळकडे जाणाऱ्या टॅक्सी कमी होतात आणि उरलेल्या टॅक्सींसाठी सूर्यास्ताची सगळी गर्दी एकदमच येते. म्हणून शेवटच्या पॉइंटवरून इतरांच्या पंधरा मिनिटे आधी उठावे. उतारावर गुडघे दुखत असतील तर पावले लहान टाकावीत. घरी आल्यावर बूट आणि कपडे आधी कोरडेच झटकावेत, मग थंड पाण्यात इतर कपड्यांपासून वेगळे भिजवावेत. कोरडी माती न झटकता ओल्या केलेल्या कापडावर माथेरानचा लाल रंग दोन-तीन धुण्यांपर्यंत टिकतो.